बिनतारी कंट्रोलर: जुन्या व्हिडिओ गेमला कोणता जोडावा?

तुमच्यापैकी काहींच्या घरी माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात जुना व्हिडिओ गेम पडून असेल. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले. त्याच्या नकला १९९० च्या दशकात आपल्याकडच्या बाजारात सर्रास मिळत. यंत्र दूरचित्रवाणी संचाला जोडायचे, त्यात 'कॅसेट' खोचायची आणि खेळायला बसायचे. सोबत दोन कंट्रोलर मिळत. मुले त्यांना 'रिमोट' म्हणत, वास्तविक त्यांना चांगली लांब तार असे. आज तो खेळ बाहेर काढला तर पुष्कळदा यंत्र ठीक असते, तार मात्र तुटलेली असते. ती कोठे तुटते हे पाहण्यासारखे आहे. बहुतेक वेळा कंट्रोलरच्या बुडाशी किंवा प्लगच्या मानेशी. तेथे ती दर खेळात वाकते व सरळ होते, आणि आतले तांब्याचे बारीक धागे धातूच्या थकव्याने एकेक करून तुटत जातात.

मग कोणीतरी सुचवते, "बिनतारी कंट्रोलर घे." बाजारात तसे कंट्रोलर आहेत. त्यांच्या खोक्यांवर 'दहा मीटर पल्ला', 'विलंब शून्य' अशी वाक्ये छापलेली असतात. यांपैकी कशावर किती विश्वास ठेवावा? प्रश्न केवळ खाऊच्या साठवलेल्या पैशांचा नाही. चुकीची वस्तू जोडली तर जुन्या यंत्रालाच इजा होऊ शकते, आणि ते यंत्र आता कोणी नव्याने करून देणार नाही. म्हणून आधी त्या तारेतून नेमके काय जात होते ते पाहू. तार काढून टाकायची तर तिचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागेल ना?

सर्वांत सोपे उदाहरण अमेरिकेतील अटारी कंपनीच्या १९७७ सालच्या यंत्राचे. (अशा यंत्राला 'कन्सोल' म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू.) त्याच्या जॉयस्टिकमध्ये पाच साधे स्विच होते: चार दिशांचे चार आणि गोळी झाडण्याचा एक. प्रत्येक स्विचला एक तार आणि सर्वांना मिळून एक सामाईक तार, अशा सहा तारा. दांडा उजवीकडे ढकलला की उजवीकडचा स्विच मिटतो आणि ती तार सामाईक तारेला जोडली जाते. घरातल्या दिव्याच्या बटनात आणि यात तत्त्वाचा फरक काहीच नाही.

फॅमिकॉमच्या कंट्रोलरला आठ कळा आहेत. तेथे प्रत्येक कळेला वेगळी तार न देता निन्टेन्डोच्या अभियंत्यांनी एक युक्ती केली. कंट्रोलरमध्ये ४०२१ क्रमांकाची एक छोटी चिप बसवली आणि पाच तारांत काम भागवले. दोन तारा विजेच्या, उरलेल्या तीन संदेशाच्या. ही युक्ती समजण्यासाठी वर्गातील हजेरी डोळ्यांपुढे आणा. आठ कळा म्हणजे आठ विद्यार्थी. दाबलेली कळ म्हणजे उभा असलेला विद्यार्थी. गुरुजी प्रथम शिट्टी वाजवतात. त्या क्षणी जो उभा असेल तो उभा आणि बसलेला असेल तो बसलेला, अशी नोंद पक्की होते. त्यानंतर गुरुजी टेबलावर एकेक टिचकी मारतात आणि दर टिचकीला एकेका विद्यार्थ्याचे उत्तर मिळते. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. शिट्टी एका तारेवर, टिचक्या दुसरीवर, उत्तरे तिसरीवर. कन्सोलमधील प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांनी चालतो, त्यामुळे दोन टिचक्यांमध्ये काही मायक्रोसेकंदांचेच अंतर असते. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.)

पुढच्या कन्सोलांनी हजेरीची पद्धत बदलली, पण हजेरी राहिलीच. सेगा कंपनीच्या १९८८ सालच्या मेगा ड्राइव्हमध्ये कन्सोल एका तारेवरील विद्युत्‌दाब खालीवर करतो आणि त्याप्रमाणे त्याच तारा कधी एका कळेची, तर कधी दुसऱ्या कळेची स्थिती सांगतात. निन्टेन्डोच्या १९९६ सालच्या 'एन-६४' मध्ये तर संदेशाला एकच तार आहे. तिच्यावर प्रत्येक बिटला ४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यांपैकी ३ मायक्रोसेकंद दाब शून्याजवळ राहिला तर तो बिट '०', आणि १ च मायक्रोसेकंद राहिला तर '१'.

हे तपशील मी मुद्दाम दिले, कारण आपल्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. कन्सोल विचारतो आणि काही मायक्रोसेकंदांत उत्तराची अपेक्षा करतो. आता तारेच्या जागी रेडिओ लहरी आणू. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तीन मीटरवरच्या कोचापासून कन्सोलपर्यंत त्या १० नॅनोसेकंदांत, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या शंभराव्या भागात पोहोचतात. तेव्हा प्रवासाला लागणारा वेळ विसरून जा. वेळ लागतो तो संदेश बांधायला, पाळी येण्याची वाट पाहायला आणि संदेश उलगडायला. ब्लूटूथ पद्धतीत मूळ योजनेप्रमाणे संदेशासाठी ६२५ मायक्रोसेकंदांचे एकेक घर असते. ज्याला दहा-वीस मायक्रोसेकंदांत उत्तर हवे, त्याला "थांबा, रेडिओवर विचारून सांगतो" असे म्हणून कसे चालेल?

म्हणून बिनतारी संचात नेहमी दोन भाग असतात. एक तुमच्या हातातला कंट्रोलर. दुसरा कन्सोलच्या खाचेत बसणारा रिसीव्हर. रिसीव्हर हा गावच्या चावडीवरील कारकुनासारखा असतो. रेडिओवरून जी शेवटची बातमी आली ती त्याने फळ्यावर लिहून ठेवलेली असते. कन्सोलने विचारले की तो फळ्याकडे पाहून तत्काळ उत्तर देतो. बातमी ताजी आहे की शिळी, हे कन्सोलला कळण्याचा मार्गच नाही. त्याला वाटते, समोर नेहमीचीच चिप आहे. तेव्हा बिनतारी कंट्रोलर निवडणे म्हणजे खरे पाहता हा कारकून निवडणे होय. तो तुमच्या कन्सोलची भाषा बोलतो का, आणि त्याचा फळा किती ताजा असतो, हे दोन प्रश्न पहिले.

ताजेपणाचा हिशेब थोडा गमतीचा आहे. बहुतेक खेळ दर चित्राला एकदाच हजेरी घेतात. अमेरिका व जपानमधील पद्धतीत पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात, तर आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५०. म्हणजे दोन हजेऱ्यांमध्ये अनुक्रमे १६.७ किंवा २० मिलिसेकंद जातात. समजा, बिनतारी कंट्रोलरमुळे तुमची बातमी ४ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. मग उडी ४ मिलिसेकंद उशिरा बसेल काय? मुळीच नाही.

एस.टी.चा थांबा आठवा. दर २० मिनिटांनी गाडी सुटते, तिच्या वेळा तुम्हांला ठाऊक नाहीत, आणि तुम्ही केव्हाही घरून निघता. एखाद्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला आणि ४ मिनिटे गेली. बहुतेक वेळा तुमचे काहीच बिघडणार नाही. नाहीतरी थांब्यावर उभेच राहायचे होते, ते थोडे कमी राहिलात. पण त्या चार मिनिटांतच गाडी निघून गेली असेल, तर मात्र पुरी २० मिनिटे गेली. असे किती वेळा होईल? ४ भागिले २०, म्हणजे पाचात एकदा. कळेचेही तसेच. पाल कन्सोलवर ४ मिलिसेकंदांच्या विलंबाने पाचांपैकी चार दाबण्यांना काही फरक पडत नाही आणि पाचवे दाबणे पुरे एक चित्र मागे पडते. सेकंदाला ६० चित्रांच्या कन्सोलवर हेच प्रमाण ४ भागिले १६.७, म्हणजे सुमारे २४ टक्के येते.

एक चित्र मागे पडल्याने काय होते? 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ सालच्या खेळात मारिओ पूर्ण वेगाने धावताना दर चित्राला अडीच ठिपके पुढे सरकतो. त्या पडद्यावरची वीट १६ ठिपके रुंद असते. अडीच ठिपक्यांनी खड्ड्यात पडणे क्वचितच घडेल. पण विलंब साठत साठत सहा चित्रांवर गेला तर १५ ठिपके होतात, म्हणजे जवळजवळ एक वीट. तेव्हा पडणार हे नक्की. याहून वाईट प्रकार म्हणजे बदलता विलंब. विलंब ठराविक असला तर बोटे तो दहा मिनिटांत शिकतात आणि थोडी आधी कळ दाबू लागतात. दर वेळी निराळा असला तर शिकण्यासारखे काही उरतच नाही. खोक्यावर विलंबाचा सरासरी आकडा छापतात, त्याच्या चढउताराविषयी कोणी अवाक्षर काढत नाही!

हा चढउतार येतो कोठून? येथे लहरींचा विचार करावा लागतो. सुरुवातीच्या बिनतारी कंट्रोलरांपैकी काही अवरक्त किरणांवर चालत. निन्टेन्डोने १९८९ साली चार खेळाडूंसाठी 'सॅटेलाइट' नावाचे असे साधन काढले होते. दूरचित्रवाणीच्या रिमोटचे तत्त्व तेच. अवरक्त किरण हे प्रकाशाचेच भावंड. ते सरळ रेषेत जातात आणि मध्ये धाकटी बहीण येऊन उभी राहिली की अडतात. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे खिडकीतून येणारे ऊन रिसीव्हरवर पडले तर संदेश ओळखणे त्याला जड जाते. आवाज कमीजास्त करण्यासाठी हे चालते. एक संदेश हुकला तर आपण कळ पुन्हा दाबतो. खेळात उडी पुन्हा मारता येत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात असे संच मिळतात. संग्रहाला ते छान आहेत, खेळायला मी सुचवणार नाही.

रेडिओ लहरींना मधल्या माणसाची आणि उन्हाची एवढी अडचण होत नाही. अटारीने १९८३ साली रेडिओवर चालणारे जॉयस्टिक विकले होते, पण हा प्रकार खऱ्या अर्थाने जमला तो २००२ साली, निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी निघालेल्या 'वेव्हबर्ड'मध्ये. तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रतेवर चाले. ही कंप्रता का निवडतात? तरंगलांबी काढून पाहा: ३० अब्ज सेंटिमीटर प्रतिसेकंद भागिले २.४ अब्ज, म्हणजे १२.५ सेंटिमीटर. पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे ३ सेंटिमीटरचा होतो आणि मुठीत मावणाऱ्या कंट्रोलरमध्ये सहज बसतो. खेळण्यातल्या मोटारीच्या २७ मेगाहर्ट्झला तोच पाव भाग पावणेतीन मीटर येतो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना वेगळा परवाना लागत नाही, आपल्या देशातही नाही.

परवाना नाही म्हणजे गर्दी आलीच. घरातील वायफाय याच पट्ट्यात, शेजाऱ्यांचेही याच पट्ट्यात, आणि मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर. वेव्हबर्डवर सोळा वाहिन्यांची एक चकती होती. एका वाहिनीवर गोंगाट असेल तर ती फिरवून दुसरी निवडायची. ब्लूटूथ हे काम आपोआप करते. पट्ट्याचे ७९ भाग पाडून सेकंदाला १६०० वेळा एकीकडून दुसरीकडे उडी मारत संदेश धाडते. एखादी उडी गोंगाटात पडली आणि संदेश वाया गेला, तर तो पुन्हा धाडला जातो. संदेश अखेर पोहोचतो, पण उशिरा. चढउतार म्हणतो तो हाच. आपले शरीर बव्हंशी पाण्याचे असल्यामुळे या लहरी बऱ्याच शोषते. म्हणून 'दहा मीटर पल्ला' हा आकडा मोकळ्या जागेतला समजावा. कंट्रोलर मांडीवर, पाठ कन्सोलकडे आणि रिसीव्हर लोखंडी कपाटाच्या मागे, अशी मांडणी केल्यास तीन मीटरसुद्धा जड जातील.

आता भाषेचा प्रश्न. येथे एका धोक्याकडे विशेष लक्ष द्या. अटारी, मेगा ड्राइव्ह आणि आपल्याकडच्या पुष्कळशा फॅमिकॉमच्या नकला, या सर्वांना नऊ पिनांचा दिसायला सारखाच प्लग असतो. एकाचा दुसऱ्यात घट्ट बसतो. पण आतली जोडणी निराळी. अटारीत ५ व्होल्ट सातव्या पिनेवर येतात, मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या पिनेवर, आणि नकलांमध्ये तर एकीची जोडणी दुसरीशी जुळेलच असे नाही. चुकीचा रिसीव्हर खोचला म्हणजे संदेशाच्या पिनेवर वीज आणि विजेच्या पिनेवर संदेश, असा घोटाळा होतो. प्लग बसला म्हणजे जुळला, असे कधीही समजू नका. नकली कन्सोलसाठी बिनतारी संच घ्यायचाच असेल तर आधी शाळेतल्या शिक्षकांच्या मदतीने मल्टिमीटर घेऊन जुन्या कंट्रोलरची कोणती तार कोणत्या पिनेला जाते ते तपासा. जोडणी कळल्याशिवाय खरेदी नको. माझे प्रामाणिक मत विचाराल तर अशा कन्सोलसाठी जुन्या कंट्रोलरचीच तार नवी घालावी. एक मीटर पाच-पदरी तार आणि थोडे डाग, एवढेच काम आहे, आणि डाग देणे शिकल्याचा फायदा वेगळाच.

रिसीव्हरला वीज कन्सोलच देतो, याचाही विचार हवा. मूळच्या ४०२१ चिपला अत्यल्प प्रवाह पुरे. रिसीव्हरमधील रेडिओ व प्रोसेसर मिळून शंभर मिलिअँपिअरच्या घरातही प्रवाह घेऊ शकतात. जुन्या कन्सोलचा वीजपुरवठा आधीच थकलेला असेल तर चित्र थरथरू लागते. दोन खाचांत दोन रिसीव्हर लावण्यापूर्वी एकच लावून अर्धा तास पाहावे.

कंट्रोलरमधील सेलचे गणित सोपे आहे. वेव्हबर्ड दोन 'डबल ए' सेलांवर १०० तास चालतो असे निन्टेन्डो सांगे. सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरा. सेल एकसरीत असल्याने क्षमता तेवढीच राहते आणि सरासरी प्रवाह येतो २० मिलिअँपिअर. इतक्या काटकसरीसाठी त्यांनी हातातील थरथर निर्माण करणारी मोटर काढून टाकली होती. आजच्या कंट्रोलरांत बहुधा लिथियमची बॅटरी असते. ती काही वर्षांनी दम सोडणारच, म्हणून बॅटरी बदलता येते की नाही हे घेतानाच विचारावे.

एन-६४ वाल्यांसाठी दोन गोष्टी अधिक. त्याचे काही खेळ आपली प्रगती कंट्रोलरच्या पाठीत खोचलेल्या छोट्या स्मृतिपेटीत साठवतात. बिनतारी संचात तिची सोय नसेल तर महिनाभराची मेहनत कन्सोल बंद करताच नाहीशी होईल. दुसरे, त्याची मूळ काडी टोकापर्यंत ढकलली तरी सुमारे ८० चाच आकडा सांगते, जरी भाषेत १२७ पर्यंत जागा असली. नव्या काडीने १२७ सांगितले तर खेळातील पात्र जरा स्पर्श होताच धावत सुटते. चांगला रिसीव्हर हे प्रमाण जुळवून देतो.

मग घ्यायचे काय? कन्सोल मूळचा असेल, एकच कन्सोल असेल आणि उड्यांचे खेळ आवडत असतील, तर त्याच कन्सोलसाठी केलेला, स्वतःचा रिसीव्हर सोबत असलेला २.४ गिगाहर्ट्झचा संच घ्यावा. कंट्रोलर आणि रिसीव्हर एकाच निर्मात्याचे असल्यामुळे त्यांना दुसऱ्या कोणाची शिस्त पाळावी लागत नाही. घरात आधीच नव्या कन्सोलचा चांगला ब्लूटूथ कंट्रोलर असेल, तर केवळ ब्लूटूथ रिसीव्हर घेऊन निम्म्या खर्चात भागेल. अशा रिसीव्हरांसाठी 'ब्लूरेट्रो' नावाची खुली आज्ञावलीही उपलब्ध आहे. मात्र कंट्रोलर कोणत्या जातीचा ते पाहा. २०१० साली आलेल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये दोन भेटींमधले किमान अंतर ७.५ मिलिसेकंद ठरवलेले होते. बातमीला सरासरी त्याच्या निम्मा वेळ तरी नुसते थांबावे लागते. बुद्धिबळ किंवा कोडी खेळणाऱ्याला याची फिकीर नको.

विलंबाचा दोष कंट्रोलरला देण्यापूर्वी दूरचित्रवाणी संचाकडेही पाहा. काचेच्या जाड नळीचा जुना संच आलेले चित्र तत्क्षणी रंगवतो. नवा सपाट संच ते आधी स्वतःच्या स्मृतीत घेऊन मोठे करतो, नीटनेटके करतो, आणि यात कित्येक मिलिसेकंद जातात. संचात 'गेम मोड' असल्यास तो चालू करावा.

हे सारे घरी मोजता येते. आजच्या बऱ्याच मोबाईल फोनांत सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. फोन पुस्तकांच्या आधाराने पक्का ठेवा, म्हणजे तुमचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. तार असलेल्या कंट्रोलरने वीस वेळा उडी मारा आणि चित्रण करा. मग बिनतारी कंट्रोलरने वीस वेळा. चित्रण सावकाश पुढे सरकवत, कळ खाली गेली तेथपासून पात्र हलले तेथपर्यंत किती चित्रे गेली ते दर वेळी मोजून वहीत लिहा. एक चित्र म्हणजे १००० भागिले २४०, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. दोन्ही सरासऱ्यांची वजाबाकी केली की दूरचित्रवाणीचा आणि कन्सोलचा विलंब दोन्हींत सारखाच असल्याने उडून जातो आणि केवळ रेडिओचा उरतो. केवळ सरासरीवर थांबू नका. वीस आकड्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांतील अंतरही लिहा. मग वायफायचा राउटर रिसीव्हरशेजारी ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा.

समजा, तारेच्या कंट्रोलरची सरासरी १४.२ चित्रे आली आणि बिनतारीची १६.६. तर बिनतारीचा विलंब किती? आणि पाल कन्सोलवर अशा कंट्रोलरने दाबलेल्या शंभर कळांपैकी किती एक चित्र मागे पडतील? (उत्तर: १० मिलिसेकंद, सुमारे ५०.)